सतरावा प्रश्न

आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये कधीच कोणाचा तास फसत नसे. आसपासच्या दहा-बारा शाळा मिळून एक केंद्र होतं, त्या सगळ्या शाळांचे शिक्षक या ग्रुपमध्ये. सकाळी साडेदहापासून फोटो यायला लागत. मुलं गोलात बसलेली, मुलांच्या हातात रंगीत कार्डं, मुलं कॅमेऱ्याकडे पाहून हसताहेत, फोटोच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचा अंगठा. खाली ‘आनंददायी उपक्रम’ अशी ओळ आणि तिच्याखाली बाकीच्यांनी टाकलेली फुलं आणि टाळ्या. या फुलांच्या ढिगात आठवड्यातून दोनदा तरी एक मजकूर येऊन पडे, फोटोशिवाय. त्याची सुरुवात ठरलेली: ‘आजचा माझा फसलेला तास.’

त्यावर कोणी फूल टाकत नसे.

ते लिहिणारे सर माझ्या शेजारच्या वर्गावर होते. धाड या बाजारगावापासून सात-आठ किलोमीटर आतल्या गावातली सातवीपर्यंतची शाळा. मी तिथे शिक्षण सेवक म्हणून लागले तेव्हा ते निवृत्तीला आले होते. सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवत. अख्खं केंद्र त्यांना ‘फसलेले सर’ म्हणे. पाठीमागे म्हणे आणि तोंडावरही म्हणे, कारण त्यांना राग येत नसे. एकदा धाडच्या बाजारात दुसऱ्या शाळेच्या एका गुरुजींनी भाजीच्या ढिगापलीकडून हाक मारली, काय फसलेले सर, आज काय फसलं? हे वांगी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, ‘आज सुट्टी हाय न. सुट्टीच्या दिवशी कुठं फसते.’

त्यांचा मोबाइल कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पाकिटात असे. चकचकीत पाकीट, वर टच्च फुटलेल्या पांढऱ्याशुभ्र बोंडाचं चित्र. धूळ आणि पाऊस लागू नये म्हणून त्यात ठेवत. हे बी पेरलं की बोंडअळी वावराच्या बांधावरूनच परत जाते, असं विकणाऱ्यांनी गावोगावी सांगितलं होतं. त्या वर्षी गुलाबी अळीनं बोंडं आतून पोखरली तेव्हा सांगणारे कुठे गेले ते कोणाला कळलं नाही. पाकिटं मात्र घराघरात राहिली. सर पाकिटातून मोबाइल काढताना म्हणत, आतल्या बियानं काही राखलं नाही, पाकीट तरी काहीतरी राखू द्या.

हा माणूस ऑनलाइन शिक्षणाच्या विरोधात होता असं आज तालुक्यात सांगितलं जातं. हे साफ खोटं आहे, आणि ते खोडून काढण्यासाठी मी हे लिहिते आहे. सबंध तालुक्यात मोबाइलवरून खरोखर शिकणारा तो एकटा शिक्षक होता.

ते जीपने येत नसत. जीपमध्ये बाकीचे शिक्षक बदल्यांच्या गप्पा करत, म्हणून हे एसटीने येत, एका कानात इअरफोन घालून. दुसरा कान कंडक्टरसाठी मोकळा. धाडच्या स्टँडवर रेंज बरी मिळे. तिथे दहा मिनिटं आधी येऊन शिक्षकांसाठीचे व्हिडिओ उतरवून घेत. कुठल्या कुठल्या देशातल्या शाळांचे. भाषा कळायची नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, भाषा कळत नाही म्हणूनच पाहतो. शब्द बाजूला केले की मास्तर काय करते ते दिसते.

स्वतःचे तासही ते रेकॉर्ड करत. मोबाइल खिडकीत उभा करायचा, तास घ्यायचा, आणि परतीच्या एसटीत तोच तास ऐकायचा. एक जाडजूड वही होती. तिच्यात रकाने: मी किती मिनिटं बोललो, मुलं किती, मुलींना किती प्रश्न, न शिकवता नुसता ओरडलो तो वेळ. ही पद्धत त्यांना कोणी शिकवली नव्हती, कोणत्या परिपत्रकात आली नव्हती. एका मोफत अभ्यासक्रमात पुण्याकडच्या एका बाईंनी सांगितलं होतं की शिक्षकानं स्वतःचा तास ऐकावा. हजारो शिक्षकांनी तो व्हिडिओ चालू करून मोबाइल पालथा ठेवला असेल. यांनी ऐकलं.

त्यातूनच त्यांना आपला दोष सापडला. प्रश्न विचारल्यावर ते उत्तरासाठी एक सेकंदही थांबत नव्हते, लगेच स्वतःच उत्तर देऊन मोकळे होत. वहीत त्या दिवशी त्यांनी लिहिलं आहे, ‘तीस वर्षं मी मलाच शिकवून राह्यलो.’ उपाय त्यांनी स्वतःच शोधला. प्रश्न विचारला की चष्मा काढायचा आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायचा. आधी डावी काच, मग उजवी. चष्मा नाकावर परत येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मुलांनाही ते ठाऊक झालं. चष्मा निघाला की वर्ग विचार करायला लागे. एवढ्या धुळीच्या गावात इतका स्वच्छ चष्मा दुसऱ्या कोणाचा नव्हता.

माझ्या पहिल्याच आठवड्यात ते मधल्या सुट्टीत माझ्या वर्गाच्या दाराशी आले. म्हणाले, ‘मॅडम, भिंतीपलीकडून तुमचा आवाज आला. लई चांगला हाय. लेकरायचा कसा हाय ते नाई समजलं.’

मला राग आला होता. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील शेतकऱ्यांच्या आंदोलनात होते. आमच्या घरी डब्यांखाली वर्तमानपत्र नसे, उरलेली पत्रकं असत. तूरडाळीच्या डब्याखाली कापसाचा भाव, तिखटाच्या डब्याखाली रास्ता रोको. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. अन्याय कसा ओळखायचा हे मला कोणी सांगायची गरज नाही, असं मला वाटे. तो मोठ्या अक्षरांत येतो, काळ्या शाईत येतो, समोरून येतो. तो चार पर्यायांत येतो हे मात्र कुठल्याच पत्रकात छापलेलं नव्हतं.

त्या अळीच्या वर्षातला सरांचा एक तास मला सांगितलाच पाहिजे. शेकडेवारी शिकवायची होती. कुठल्याशा परदेशी व्हिडिओत एका मास्तरीणबाईंनी मुलांना सफरचंदं कापायला देऊन किडकी किती ते मोजायला लावलं होतं. सरांना ते फार आवडलं. आमच्याकडे सफरचंदं कुठली? शाळेच्या कुंपणाला लागून कपाशीचं वावर होतं. त्यातली हिरवी, न फुटलेली बोंडं त्यांनी मालकाला विचारून तोडून आणली. वर्गात पंचवीस मुलं, प्रत्येकाला एक बोंड. फोडा आणि सांगा. पंचवीसपैकी एकवीस बोंडांत अळी निघाली. सरांनी शेकडेवारी विचारली आणि चष्मा काढला. डावी काच पुसून व्हायच्या आत नसरीननं हात वर केला. चौऱ्याऐंशी टक्के. उत्तर बरोबर होतं. वावर तिच्याच वडलांचं होतं. ती उत्तर देऊन खाली बसली आणि हातातलं बोंड तिनं दप्तरात ठेवून दिलं.

त्या दिवशी ग्रुपवर आलं: ‘आजचा माझा फसलेला तास. विषय शेकडेवारी. सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं. तास फसला.’ केंद्रप्रमुखांनी खाली लिहिलं, ‘कृपया ग्रुपवर सकारात्मक पोस्ट टाकाव्यात.’ त्याला अकरा जणांनी अंगठा दाखवला.

दिवाळीनंतर ते प्रशिक्षण आलं. ‘शिक्षकांचा स्वयंप्रेरित व्यावसायिक विकास’ असं त्याचं नाव आणि ते सक्तीचं. स्वयंप्रेरणा कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण करायची हेही पत्रात दिलेलं होतं. मोबाइलवर एक ॲप, त्यात व्हिडिओ, शेवटी वीस प्रश्न, मग प्रमाणपत्र. एका प्रश्नाचं बरोबर उत्तर दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नसे. चुकलं की लाल अक्षरांत ‘पुन्हा प्रयत्न करा’.

तालुक्यात हे काम कसं झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, कारण मी त्यात होते. रविवारी एका शिक्षकाच्या घरी जमायचं. पलंगावर दहा-दहा मोबाइल ओळीनं मांडलेले, सगळ्यांवर व्हिडिओ चालू, सगळ्यांचे आवाज बंद. लग्नपत्रिकेच्या मागे सगळ्यांचे पासवर्ड लिहिलेले. एक जण प्रश्नांची उत्तरं दाबत जातो, बाकीचे पोहे खातात. पोह्यांचं ताट रिकामं होईपर्यंत दहा शिक्षकांचा व्यावसायिक विकास होऊन जाई. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. ज्यांनी हे ॲप पाठवलं त्यांनाही नाही. त्यांना आकडा हवा होता आणि आकडा मिळत होता.

सरांनी सगळे व्हिडिओ पाहिले. थांबवून, मागे नेऊन, वहीत टिपून. सोळा प्रश्न झाले. सतरावा असा होता: ‘ग्रामीण भागात शेतीच्या हंगामात विद्यार्थी गैरहजर राहण्याचे प्रमुख कारण कोणते?’ पर्याय चार. विद्यार्थ्याची प्रकृती. शाळेचे अंतर. प्रतिकूल हवामान. पालकांची उदासीनता.

सरांनी पहिला दाबला. पुन्हा प्रयत्न करा. दुसरा दाबला, तिसरा दाबला. पुन्हा प्रयत्न करा. चौथा त्यांनी दाबला नाही. मोबाइल पाकिटात घातला आणि वर्गावर गेले.

त्या महिन्यात वर्गात निम्मी मुलं नव्हती. का नव्हती ते गावातलं कुत्रंसुद्धा सांगू शकलं असतं. अळीनं खाल्लेलं बोंड नीट फुटत नाही, कापूस बोंडाच्या सालीला चिकटून राहतो, वजनाला भरत नाही. वेचणीची मजुरी किलोवर. दिवसभर ओरबाडून चार किलो निघणार असेल तर मजूर कशाला येईल? मजूर येईनात, म्हणून घरचे हात वावरात गेले. लहान हातांसकट. त्या कापसानं बोटांना खाज सुटे. नसरीन आठवड्यातून दोन दिवस शाळेत येई आणि बेंचाच्या कडेवर बोटं घासत बसे.

आणि शहरातल्या थंड खोलीत, व्हिडिओत दिसे त्या कुंडीतल्या खोट्या रोपाशेजारी बसून कोणीतरी ठरवलं होतं की या मुलीच्या आईबापाला तिची पर्वा नाही. एवढंच ठरवून थांबले नव्हते. ते तिच्या शिक्षकाकडून वदवून घ्यायचं होतं. लाखभर शिक्षक बोट दाबणार, आणि मग कुठल्यातरी अहवालात छापून येणार की शिक्षकांचंच हे मत आहे.

ॲपमध्ये अभिप्रायाची एक चौकट होती, अडीचशे अक्षरांची. सरांनी आपलं म्हणणं तुकड्यातुकड्यानं रोज सकाळी पाठवायला सुरुवात केली. बोंडअळी, वेचणीचा दर, मजुरांची टंचाई, नाव न घेता नसरीनची बोटं. दर वेळी आपोआप उत्तर येई, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ पंधरा दिवसांनी त्यांनी लिहिलं, ‘मोल कळवावे.’ उत्तर आलं, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’

दर सोमवारी तालुक्याहून यादी येई. प्रशिक्षण पूर्ण झालेल्यांची नावं हिरव्या रांगेत, बाकीच्यांची लाल. महिनाभरात यादी हिरवीगार झाली, आणि तिच्यात एक लाल रांग उरली. लोक त्यांची थट्टा करू लागले. एकानं विचारलं, सर, बोटाले मेहंदी लागली का? दाबा न एकदाचं. सर म्हणाले, ‘मी शिकाले तयार हाय. हे लिहून द्याले तयार नाई.’

डिसेंबरात पालक सभा झाली. वीस-बावीस जण आले होते, बहुतेक बाया. सरांनी सतरावा प्रश्न चारही पर्यायांसकट फळ्यावर लिहिला आणि मोठ्यानं वाचला. उदासीन म्हणजे काय, असं एकीनं विचारलं. सर म्हणाले, ज्याला लेकराचं काही घेणंदेणं नाही तो. मग त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. दाराजवळ नसरीनची अम्मी बसली होती. ओढणीला चिकटलेला बोंडाचा कचरा ती एकेक करून काढत होती.

‘सर, ज्याले घेणंदेणं नाई,’ ती म्हणाली, ‘तो आजची वेचणी सोडून इथं कायले बसन?’

कोणीतरी हसलं. तिला धीर आला. ‘नसरीनले मी वावरात नेतो, झूट नाई बोलत. पण तिचं पुस्तक बी संगं राह्यते. ती वेचते अन् पाढे म्हणते. ऐकून ऐकून माहे बी पाठ झाले. सतराचा म्हणून दाखवू का?’

सगळी सभा हसली. सरही हसले. मग तिनंच विचारलं, ‘हे लिहिलं कोनं?’

सर म्हणाले, त्यांना माहीत नाही.

‘अन् तुमी काय लिहान?’

सरांनी चष्मा नाकावर चढवला. ‘मी या शाळेत हाय तोपर्यंत माह्या हातानं तुमच्याबद्दल हे लिहिल्या जाणार नाई,’ ते म्हणाले.

मी सभेचं इतिवृत्त लिहीत होते. हे वाक्य मी तसंच्या तसं लिहून घेतलं. आमच्या घरच्या सगळ्या पत्रकांत मिळून असं एक वाक्य नव्हतं.

आता मी काय केलं ते सांगते.

जानेवारीत केंद्रप्रमुखांनी मला बोलावलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्यावर वरून दाब होता, आणि वरच्यावर आणखी वरून. अख्ख्या जिल्ह्यात आमचाच तालुका शंभर टक्के व्हायला एका नावासाठी अडलाय, असं त्यांना रोज ऐकावं लागत होतं. ते म्हणाले, सरांच्या नावानं नोटीस तयार आहे, निवृत्तीच्या तोंडावर म्हाताऱ्या माणसाच्या सेवापुस्तकाला डाग लागेल, आणि हो मॅडम, तुमचा कायम होण्याचा प्रस्तावही माझ्याच टेबलावर आहे. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच दमात सांगितल्या. एकीचा दुसरीशी संबंध आहे असं ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

सरांचा पासवर्ड सगळ्या शाळेला ठाऊक होता. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी तो मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला होता. लपवण्यासारखं आहे काय त्यात, असं म्हणत. त्या रविवारी दुपारी पोह्यांच्या घरी मी माझ्या मोबाइलवर त्यांच्या नावानं आत गेले. सतरावा प्रश्न समोर आला. मी चौथा पर्याय दाबला.

एक सेकंदही लागला नाही. पुढचे तीन प्रश्न झाले. पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला आणि ‘अभिनंदन’ असं आलं. मी स्वतःला सांगितलं की मी त्यांना वाचवलं. माझ्या फायलीचं मी स्वतःलाही सांगितलं नाही.

तालुका शंभर टक्के झाला. ग्रुपवर यादी आली, हिरवीगार. सरांच्या नावाखाली त्या दिवशी पहिल्यांदा फुलं पडली.

सोमवारी मधल्या सुट्टीत मुलं खिचडीला बसली होती. सर माझ्या वर्गात आले. प्रमाणपत्र त्यांच्या मोबाइलवर आलं होतं, त्यांचं पूर्ण नाव, खाली कोणाची तरी छापील सही.

‘मॅडम, तुमी केलं?’

मी हो म्हणाले.

‘काऊन?’

आणि त्यांनी चष्मा काढला. मी नोटिशीचं सांगितलं, डागाचं सांगितलं, सात महिने राहिलेत सर तुमचे, असं सांगितलं. ते पुसत राहिले. दोन्ही काचा झाल्यावर चष्मा उजेडाकडे धरून त्यांनी आणखी थोडा वेळ दिला. मला आणखी काही सुचलं नाही, म्हणजे सुचलं ते मी बोलले नाही. त्यांनी चष्मा घातला आणि म्हणाले, ‘सभेतल्या बायायले काय सांगू आता?’ मग खिचडीच्या रांगेकडे निघून गेले.

मला वाटलं होतं ते रागावतील. त्यांनी रागवायला हवं होतं. मग मला भांडता आलं असतं.

केंद्रप्रमुखांकडे तक्रार त्यांनी केली नाही, पण अभिप्रायाच्या चौकटीत लिहिलं की सतराव्याचं उत्तर माझं नाही, ते परत घ्यावं. तिकडून काय उत्तर आलं ते वेगळं सांगायला नको.

फेब्रुवारीत पुन्हा पालक सभा होती. आणखी कोणी सांगायच्या आत सर उठले आणि म्हणाले की मागच्या सभेत मी तुम्हाला एक शब्द दिला होता, तो राहिला नाही. तुमच्याबद्दल तसं लिहिलं गेलं आहे, माझ्या नावानं. नसरीनची अम्मी दाराजवळच होती.

‘तुमी नाई केलं न सर?’

‘मी नाई केलं. पण नाव माहं हाय.’

‘मंग कोनं केलं?’

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सभेकडेच तोंड ठेवून त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. आधी डावी काच.

तो प्रश्न कोणासाठी होता, तो वेळ कोणासाठी होता, हे त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होतं असं मला वाटलं. माझ्या हातात पेन होतं, पुढ्यात इतिवृत्ताची वही. सर डावी काच पुसत होते. सर उजवी काच पुसत होते. मला उभं राहून दोन शब्द बोलायचे होते, मी केलं. ज्या मुलीला घोषणा तोंडपाठ होत्या तिला दोन शब्द जड झाले. मी मान खाली घातली आणि लिहिलं, ‘ऐनवेळच्या विषयांवर चर्चा झाली.’

सरांनी चष्मा घातला. म्हणाले, चला, आता पोषण आहाराचा विषय घेऊ.

त्या संध्याकाळी ग्रुपवर आलं: ‘आजचा माझा फसलेला तास. विषय: सतरावा प्रश्न. विद्यार्थी एक. वेळ दिला. उत्तर आलं नाही. चूक माझी असावी. शिकवताना मीच जास्त बोललो असेन.’

पाच मिनिटांत केंद्रप्रमुखांनी तो मजकूर काढून टाकला. पण मी वाचला होता.

पावसाळ्यात मी कायम झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी सर निवृत्त झाले आणि हिवरा आश्रमाकडच्या आपल्या गावी गेले. जाताना त्यांनी शाळेला घड्याळ दिलं नाही, कपाट दिलं नाही. फसलेल्या तासांची ती जाड वही कार्यालयाच्या टेबलावर ठेवून गेले. मुख्याध्यापकांनी ती रद्दीत टाकायला काढली, तेव्हा मी ती घरी आणली. आता माझे रकाने तिच्यातच पुढे चालू आहेत. माझा आवाज चाळीसपैकी एकोणतीस मिनिटं. अजून फार आहे.

सर गेल्यावर मी नसरीनच्या घरी गेले आणि तिच्या अम्मीला सांगितलं, सभेत तुम्ही विचारलं होतं ना, ते मी केलं होतं. ती सूप घेऊन तूर पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘मालूम होतं. सर चष्मा पुसून राह्यले होते तवा आमी साऱ्या त्यायच्याकडं पाहून राह्यलो होतो. तुमी एकट्याच लिहून राह्यल्या होत्या.’

मग तिनं मला बसायला सांगितलं आणि नसरीनला चहा ठेवायला लावला. तो चहा मी प्यायले. त्याच्याइतकं कडू मी अजून काही प्यायले नाही, आणि त्यात साखर भरपूर होती.

या वर्षी त्या प्रशिक्षणाची नवी आवृत्ती आली आहे. रंग बदलले आहेत, व्हिडिओतलं खोटं रोप मोठं झालं आहे. प्रश्न आता पंचवीस आहेत, आणि तो प्रश्न सतराव्यावरून विसाव्यावर गेला आहे. पर्याय चारच. बरोबर उत्तर तेच. तिकडे अळी पुन्हा आली आहे, नव्या पाकिटातलं बी पेरूनही आली आहे, आणि माझ्या वर्गात आज एकोणीसपैकी अकरा मुलं होती.

माझी रांग सहा आठवडे लाल आहे.

काल दुपारी केंद्रप्रमुखांचा फोन आला. आधीचे बदलून गेले, हे नवे आहेत, माझ्याहून थोडेच मोठे. त्यांनी थट्टा केली, मग विनंती केली, मग म्हणाले, मॅडम, व्यस्त असाल तर पासवर्ड पाठवा, मी माझ्या इथून करून घेतो. त्यात उपकाराचा सूर होता. मी म्हणाले, पासवर्ड कोणाला देत नाही. मग विचारलं, ‘सर, तुमच्या मते ते उत्तर बरोबर आहे का?’

मला चष्मा नाही. फोन कानाला धरून मी वर्गाच्या खिडकीत उभी राहिले. बाहेर नसरीनच्या वडलांच्या वावरात बाया वाकून वेचत होत्या, त्यांच्यात दोन छोटे परकरही दिसत होते. डावी काच पुसायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला. मग उजवी. त्यांनी फोन ठेवला नव्हता, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मी काही बोलले नाही. थांबले.